बट्टा कोणी भरायचा?

फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांवर फास्टॅग नसलेल्या वाहनाला दुप्पट टोल भरावा लागू लागला आणि १५ नोव्हेंबर २०२५ पासून त्यात आणखी एक भेद आला. असे वाहन यूपीआयने पैसे भरणार असेल तर सव्वापट, रोख भरणार असेल तर दुप्पटच. म्हणजे शंभर रुपयांच्या टोलसाठी रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असलेली दोनशे रुपयांची नोट पुढे केली, तर तिची किंमत सरकारच्याच नाक्यावर शंभर रुपये ठरली. रांगा कमी व्हाव्यात हा हेतू समजण्यासारखा आहे आणि रोख पैसे मोजण्यात मागच्या वाहनांचा वेळ जातो हेही खरे आहे. तरीही दुप्पट आकारणी म्हणजे त्या वेळेची भरपाई नव्हे, तो दंड आहे, आणि तो देशाच्या अधिकृत चलनात पैसे दिल्याबद्दलचा दंड आहे. एका चलनाच्या जागी दुसरे मागताना जी कसर कापून घेतली जाते, तिला आपल्या बाजारपेठांत शतकानुशतके बट्टा म्हणत आले आहेत.

पैशाचा इतिहास बहुधा साधनांच्या सुधारणेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कवडी गेली, नाणे आले. नाणे मागे पडले, नोट आली. आता मोबाइल आला. या क्रमाने वाचले की प्रत्येक टप्पा ही प्रगती वाटते आणि मागे राहिलेला माणूस अडाणी ठरतो. तोच इतिहास दुसऱ्या प्रश्नाने वाचला पाहिजे, असे मला वाटते. देणे कोणत्या रूपात स्वीकारायचे हे प्रत्येक काळात कोणी ठरवले आणि त्या निर्णयाचा बट्टा कोणाच्या पदरी पडला? हा प्रश्न घेऊन मागे गेले की आजच्या रोखविरहित व्यवहारांच्या आग्रहाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

शाळेच्या पुस्तकांतली गोष्ट अशी असते की आधी वस्तुविनिमय होता, त्यात गैरसोय होती, म्हणून माणसाने पैसा शोधला. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये रूढ केलेली ही मांडणी तर्काला पटते, पण निव्वळ वस्तुविनिमयावर चालणारा समाज मानववंशशास्त्रज्ञांना कुठे सापडलेला नाही. गावातली माणसे एकमेकांना ओळखत असतात. ती तिथल्या तिथे अदलाबदल करत नाहीत, उधारी ठेवतात. मेसोपोटेमियातील मातीच्या पाट्यांवर सर्वांत विपुल आढळतात ते हिशेब: कोणाचे देवळाकडे किती जव येणे आहे, कोणाकडून राजवाड्याला किती चांदी यायची आहे. साधारण इ.स.पू. १७५० मधील हम्मुराबीच्या कायद्यात कर्जावरील व्याजाची मर्यादा चांदीसाठी वीस टक्के आणि जवासाठी तेहेतीस टक्क्यांहून थोडी अधिक आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या लिडियाची पहिली नाणी यानंतर हजारभर वर्षांनी पडली. म्हणजे नाण्याच्या कितीतरी आधी देणे होते, व्याज होते, आणि देण्याचे रूप बदलले की ओझे बदलते ही जाणीवही होती. जवात कर्ज घेणारा शेतकरी होता, चांदीत घेणारा बहुधा व्यापारी, आणि शेतकऱ्याचा दर जास्त होता.

आपल्या प्रदेशात याचा फार सुंदर पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरलेला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. दोन हजारांवर वर्षाला दोनशे चाळीस कार्षापण व्याज येते आणि लेखात म्हटले आहे की वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत. गुणाकार तंतोतंत जुळतो. विणकरांची संघटना ठेवी स्वीकारते, मुद्दल अबाधित ठेवते आणि व्याजातून ठरलेला खर्च भागवते, इतकी बँकव्यवस्था गोदावरीकाठी इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत होती. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपली मुद्रा पुन्हा उमटवली. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांच्या साठ्यातील नऊ हजारांहून अधिक नाणी अशी पुनर्मुद्रित आहेत. सातकर्णीने नाणी रद्द केली नाहीत, ती गोळा करून वितळवण्याचीही वाट पाहिली नाही. नव्या राजाची खूण उमटली आणि त्याच चांदीचा व्यवहार पुढे चालू राहिला. राज्य बदलल्याचा बट्टा या साठ्यावर तरी दिसत नाही.

मुहम्मद तुघलकाचे उदाहरण नेहमी वेडेपणाचे म्हणून सांगितले जाते, पण ते नीट पाहण्याजोगे आहे. १३३० च्या सुमारास त्याने तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवली. त्यांतली काही आपल्या दौलताबादेत पडली आणि त्यांवर सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराची आज्ञा पाळतो अशा अर्थाचे वचन होते. कल्पना मूर्खपणाची नव्हती. चीनमध्ये सोंग राजवटीत सरकारी कागदी चलन तीनशे वर्षांपूर्वीच सुरू झाले होते. चूक एवढीच झाली की खोटे नाणे ओळखता येईल अशी कारागिरी टांकसाळीत नव्हती, आणि घरोघरी टांकसाळी झाल्याचे वर्णन त्या काळचा इतिहासकार बरनी याने करून ठेवले आहे. पण शेवटी सुलतानाने काय केले, हे या गोष्टीत गाळले जाते. नाणी मागे घेताना त्याने ती खजिन्यातून चांदी देऊन बदलून दिली. खोटीही त्यांत आली, खजिना रिता झाला, तुघलकाबादेत तांब्याचे ढीग पडले. फसलेल्या चलनप्रयोगाचा बट्टा राज्यकर्त्याने स्वतःच्या तिजोरीतून भरल्याची ही दुर्मीळ घटना आहे.

याहून अधिक बोलकी नोंद १६७४ मधली आहे. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर तहाची कलमे घेऊन आला होता, आणि त्यांत इंग्रजांची नाणी स्वराज्यात चालावीत असे एक कलम होते. शिवाजी महाराजांनी ते तहात घालण्याची गरज मानली नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की आपण कोणत्याही नाण्याला बंदी करत नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्तीही तिच्यावर करणार नाही. तुमचे नाणे वजनाला आणि कसाला इतरांच्या तोडीचे असेल तर ते आपोआप चालेल. स्वतःचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई नुकतीच पाडणाऱ्या राजाला चलन हे सार्वभौमत्वाचे लक्षण आहे हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तरीही त्या सार्वभौमत्वाची मर्यादा त्यांनी रयतेच्या नुकसानीपाशी ठेवली. चलनाविषयीच्या आजच्या कोणत्याही धोरणाला ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे.

पेशवाईत ती कसोटी टिकली नाही. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुरती, हाली सिक्का अशी नाना रुपयांची गर्दी बाजारात होती, टांकसाळी मक्त्याने दिल्या जात, आणि प्रत्येक रुपयाची चांदी व झीज वेगळी. सराफ नाणे वाजवून, घासून त्याचा भाव सांगे आणि सरकारी भरण्यातले नाणे पोतदार पारखून घेई. या गोंधळातून हुंडीसारखी अत्यंत परिष्कृत व्यवस्था उभी राहिली आणि पुण्याच्या सावकाराची चिठ्ठी काशीला वटू लागली, हे खरे. परंतु ज्याला हुंडी काढण्याइतकी पत नव्हती, त्या कुणब्याने आठवडी बाजारात मिळालेला रुपया भरण्याला नेला की तो कमी कसाचा ठरे आणि फरक त्याच्याकडून वसूल होई. बट्टा ठरवणारा एकीकडे आणि भरणारा दुसरीकडे, अशी ही रचना होती.

कंपनी सरकारने १८३५ मध्ये सर्वत्र एकच, एकशे ऐंशी ग्रेन वजनाचा रुपया चालू केला आणि नाण्यांचा हा गोंधळ हळूहळू संपला. इतिहासाची पुस्तके या सुधारणेचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. त्याच दशकात इंदापुरापासून विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांची जमीनमोजणी सुरू झाली आणि दख्खनच्या रयतवारीत, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याच्या पद्धतीत, प्रत्येक खातेदाराच्या नावावर रोख सारा कायम झाला. आता नाण्याचा कस निश्चित होता, साऱ्याची रक्कम निश्चित होती, हप्त्याची तारीख निश्चित होती. अनिश्चित होते ते फक्त पाऊस आणि बाजारभाव. हप्ता पिकाच्या चांगल्या भावाची वाट पाहत नसे, म्हणून मधला काळ सावकाराने भरून काढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. ऋणकोचे रक्षण व्हावे हा हेतू असला तरी प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची रीत पडली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले तेव्हा कर्ज सहज मिळाले, १८६५ नंतर भाव कोसळले तेव्हा तेच कर्ज दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन दारात आले, आणि नेमक्या याच सुमारास फेरमोजणीने सारा वाढला.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी जमलेल्या लोकांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि पुढच्या काही आठवड्यांत ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील कितीतरी गावांत पसरले. या दंग्यांत माणसे मारण्याचा प्रकार फारसा झाला नाही. लोकांना हवी होती ती कागदपत्रे. खते, रोखे, हुकूमनामे बाहेर काढून त्यांची होळी झाली आणि कागद देणाऱ्या सावकाराला बहुतेक ठिकाणी सोडून दिले गेले. रागाचे लक्ष्य इतके नेमके होते की चौकशी आयोगालाही त्याची दखल घ्यावी लागली, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. सारा धान्यात घेतला जात असे तेव्हा दुष्काळाचा काही वाटा राजाच्याही अंगावर पडत असे. रोख साऱ्याने तो संपूर्णपणे शेतकऱ्याकडे सरकवला. सुप्याच्या बाजारात जळाला तो हा बट्टा.

इथपर्यंत वाचणाऱ्याला वाटेल की रोख पैसा गावात आला आणि गाव नासले, असे मला म्हणायचे आहे. तसे म्हणणारे बरेच आहेत आणि बलुतेदारीतल्या परस्परसहकार्याचे गोडवे गाणारे लेखनही आपल्याकडे भरपूर झाले आहे. ते लेखन बहुतेक करून बलुते देणाऱ्यांच्या ओसरीवरून झाले आहे. सुगीत खळ्यावर मिळणाऱ्या धान्यावर सुताराचे, लोहाराचे घर चालत असे. महाराचेही चालत असे, पण त्याच्या वाट्याला त्या धान्याबरोबर वेठ येत असे, मेलेली गुरे ओढणे येत असे, अपमान येत असे, आणि बावन्न हक्क म्हणून जे सांगितले जात ते मागितल्याशिवाय हाती पडत नसत. धान्यात मिळणाऱ्या मोबदल्याचा सर्वांत मोठा दोष असा की तो देणाऱ्याची मर्जी त्याच्यापासून कधी सुटत नाही. महारांनी एखादे काम नाकारले, पाणवठ्यावर हक्क सांगितला की गावाने बलुते बंद करावे, वाण्याने मीठ-मिरची देऊ नये. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य असलेल्या स्टार्ट समितीने आपल्या अहवालात सामाजिक बहिष्कार या शस्त्राचे वर्णन केले आहे. त्याच वर्षी आंबेडकरांनी विधिमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले आणि त्यातला एक मुख्य भाग असा होता की बलुत्याचे रूपांतर रोख पैशात व्हावे आणि ते सरकारमार्फत मिळावे. अर्थशास्त्रज्ञाने मांडलेला हा सामाजिक विचार होता. कामाचा मोबदला नाण्यात आला की तो मिळवणाऱ्याला पुढच्या सुगीपर्यंत कोणाच्या खळ्यावर उभे राहावे लागत नाही.

मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि रेल्वे यांनी हे प्रत्यक्षात आणले, तेही अर्धवटच. गिरणीच्या विणखात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यातून बाहेर ठेवले गेले. म्हणजे पगाराच्या नोटेला जात नसली तरी पगाराच्या खात्याला होती. तरीही महिन्याच्या शेवटी हाती पडलेले नाणे कोणत्याही दुकानात चालत होते आणि १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केल्यावर ते मुंबईहून रत्नागिरीच्या एखाद्या वाडीतही पोचू लागले. कोकणातली कित्येक घरे, शाळेच्या फिया, लग्ने आणि कोर्टकज्जे त्या मनीऑर्डरीवर चालले. पोस्टमनने दारात मोजून दिलेल्या पैशांवर खोताचा काही अधिकार नव्हता.

या दोन हकिगती एकमेकींना छेद देतात असे वाटते, पण तसे नाही. सुप्याच्या कुणब्याचा आणि खेड्यातल्या महाराचा प्रश्न एकच होता: देण्याघेण्याचे रूप ठरवण्यात त्यांना काही वाटा नव्हता. कुणब्याला रोखीत देण्याची सक्ती झाली, महाराला धान्यात घेण्याची. त्यातून पैशाच्या दोन गुणांची किंमत कळते. पहिला गुण असा की तो सर्वांना सारख्या भावाने उपलब्ध असावा आणि सरकारने त्याला बट्टा लावू नये. दुसरा गुण असा की तो हातात पडल्यावर देणाऱ्याचा त्याच्यावरचा हक्क संपावा. पहिला गुण नसेल तर पैसा लुबाडतो, दुसरा नसेल तर तो बांधून ठेवतो.

चलनाच्या व्यवस्थापकांच्या हाती किती मुखत्यारी असावी, हा प्रश्न आंबेडकरांनीच ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात लढवला होता. त्याची पार्श्वभूमी १८९३ ची होती. त्या वर्षीच्या जूनपर्यंत कोणालाही चांदी नेऊन टांकसाळीतून रुपये पाडून घेता येत. सरकारने ही मुभा बंद केली आणि रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वर चढवली. इंग्लंडला पैसे पाठवणाऱ्या सरकारची सोय झाली, पण घरातल्या पाटल्या-वाळ्यांच्या रूपाने चांदी साठवलेल्या शेतकऱ्याला दुष्काळात रुपयाभार चांदी विकून रुपया मिळेनासा झाला. आंबेडकरांचा मुद्दा असा होता की पौंडाशी असलेल्या दरापेक्षा रुपयाची देशातली खरेदीशक्ती स्थिर राहणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण भाववाढीने व्यापाऱ्याला जो नफा होतो तो मजुराच्या खिशातून येतो. म्हणून चलन किती काढायचे हे व्यवस्थापकांच्या मर्जीवर सोडू नये. भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या १९२५-२६ च्या हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. आज त्या प्रबंधाचा उल्लेख रिझर्व्ह बँकेच्या स्थापनेचे श्रेय देण्यापुरता होतो. त्यातला मर्जीविषयीचा अविश्वास मात्र कोणी फारसा आठवत नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री मर्जीचा अर्थ सर्वांना कळला. पाचशे आणि हजाराच्या नोटा, म्हणजे किमतीने चलनातील सुमारे शहाऐंशी टक्के रक्कम, चार तासांत व्यवहारातून बाद झाली. महाराष्ट्राला याचा विशेष फटका बसला तो आठवडाभरात जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा स्वीकारण्यास मनाई झाली तेव्हा. ज्या राज्यात पीककर्ज, दुधाचे पैसे आणि उसाचे बिल या बँकांतून फिरते, तिथे रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याची बँक व्यवहाराबाहेर फेकली गेली, आणि मनाईपूर्वी तिने घेतलेल्या नोटा पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत तिजोरीत अडकून पडल्या. डाळीच्या डब्यात नवऱ्याच्या नकळत साठवलेले पैसे बायकांना घरात उघड करावे लागले. त्या नुकसानीचा हिशेब कोणत्याही अहवालात बसणारा नाही. शेवटी रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार बाद नोटांपैकी ९९.३ टक्के रक्कम बँकांत परत आली. काळा पैसा नोटांच्या थप्प्यांत असतो ही समजूत तिथेच निकालात निघायला हवी होती. तो जमिनीत, सोन्यात आणि बेनामी नावांत असतो, हे जमिनीच्या व्यवहाराला एकदा बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

यूपीआयचे मी कौतुकच करतो. २०२४ या एका वर्षात त्यावर सतरा हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले, आणि त्यांत भाजीवाल्या मावशींचे वीस-तीस रुपयांचे व्यवहार अगणित आहेत. सुट्या पैशांची कटकट गेली, मनीऑर्डरीला लागणारे दिवस गेले, आणि लहान विक्रेत्याला त्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही. लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये थेट बाईच्या खात्यात जातात, मधला कोणी त्यांना हात लावत नाही, हे बलुत्याच्या इतिहासाशी ताडून पाहिले तर फार मोठे पाऊल आहे. मात्र फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर ते पाऊल उंबऱ्याशीच थांबते. आणि लोकांनी यूपीआय स्वीकारले म्हणून रोख सोडली असेही झालेले नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात सुमारे अठरा लाख कोटींचे असलेले रोख चलन मार्च २०२४ मध्ये पस्तीस लाख कोटींच्या आसपास पोचले. लोकांना दोन्ही हवे आहे, आणि माझ्या मते लोकांचे बरोबर आहे.

याचे एक कारण आपण सहसा लक्षात घेत नाही. हातातली नोट हे रिझर्व्ह बँकेचे थेट वचन आहे. खात्यातली रक्कम हे एका विशिष्ट बँकेचे वचन आहे. एरवी या दोहोंत फरक जाणवत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपयेच काढता येतील असे सांगण्यात आले, तेव्हा मुंबईतल्या हजारो कुटुंबांना तो फरक एका दिवसात कळला. ज्यांच्याकडे घरात थोडी रोकड होती त्यांचा किराणा आला. यूपीआयचा रस्ताही मोजक्याच हातांत आहे: दोन कंपन्यांची ॲप्स मिळून ऐंशी टक्क्यांच्या आसपास व्यवहार करतात, आणि कोणा एकाकडे तीस टक्क्यांहून जास्त वाटा नसावा हा २०२० मध्ये जाहीर झालेला नियम मुदतवाढ घेत घेत २०२६ अखेरीपर्यंत पुढे ढकलला गेला आहे. मेळघाटातल्या पाड्यावर नेटवर्क नसणे ही तर वेगळीच गोष्ट.

याहून मोठी चिंता मला पैशाच्या दुसऱ्या गुणाची वाटते. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईसह चार शहरांत ई-रुपयाचा, म्हणजे तिने स्वतः काढलेल्या डिजिटल चलनाचा, किरकोळ व्यवहारांसाठी प्रयोग सुरू केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यात ‘प्रोग्रॅमेबल’ सोय आणण्याचे जाहीर केले. म्हणजे पैसा कशावर, कुठे आणि किती मुदतीत खर्च व्हावा हे तो देणाऱ्याला आधीच ठरवून ठेवता येईल. खताचे अनुदान खतावरच खर्च व्हावे, यात गैर काय, असे कोणीही विचारील. एका अनुदानापुरते गैर काहीच नाही. परंतु हीच सोय मजुरीला, पेन्शनला, गरिबांना मिळणाऱ्या प्रत्येक रकमेला लागू झाली, तर देणाऱ्याची मर्जी पैशाबरोबर घराच्या आतपर्यंत येते आणि बलुत्याचा तोच दोष अधिक काटेकोर स्वरूपात परत येतो. श्रीमंताच्या पैशाला अशा अटी कोणी लावणार नाही. मुलीच्या शाळेच्या सहलीसाठी खताच्या पैशातले दोनशे रुपये वळवणारी बाई सरकारच्या दृष्टीने गैरवापर करत असेल. तिचा संसार तिला सरकारपेक्षा अधिक कळतो, असे मानण्याकडे माझा कल आहे.

रोखीला खर्च येतो हा आक्षेप खरा आहे. नोटा छापाव्या लागतात, वाहून न्याव्या लागतात, खोट्या नोटांवर नजर ठेवावी लागते, एटीएम भरावी लागतात. रस्त्यांनाही खर्च येतो आणि तो आपण सार्वजनिक सोय म्हणून करतो. ज्या देशांनी रोखविरहित व्यवहारात आपल्याहून लांब मजल मारली, ते आज काय करत आहेत हे पाहावे. युरोपातली पहिली बँकनोट १६६१ मध्ये ज्या स्वीडनमध्ये निघाली, तिथे रोख जवळजवळ नाहीशी होऊ लागल्यावर २०२१ पासून मोठ्या बँकांवर रोखीच्या सेवा पुरवण्याचे कायदेशीर बंधन आले, आणि संकटकाळासाठी घरात काही रोकड ठेवा असे तिथले सरकार नागरिकांना सांगते. नॉर्वेने १ ऑक्टोबर २०२४ पासून दुकानात रोख पैसे देण्याचा ग्राहकाचा हक्क अधिक स्पष्ट केला. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली, कार्डांची यंत्रे बंद पडली आणि ज्यांच्या खिशात नोटा होत्या त्यांनाच पाणी-पाव विकत घेता आले. वीज जाण्याचा अनुभव आपल्याला त्यांच्यापेक्षा थोडा अधिकच आहे.

आपल्याकडे १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याने नोट कायदेशीर चलन ठरवली आहे, पण त्या तरतुदीचा आशय रोजच्या व्यवहारात उतरवणारे स्पष्ट नियम हवेत. सरकार, महापालिका, वीज कंपनी, टोल, सरकारी रुग्णालय, परीक्षा शुल्क अशा जिथे नागरिकाला पर्याय नसतो त्या प्रत्येक ठिकाणी एका ठरावीक मर्यादेपर्यंत रोख रक्कम त्याच दराने स्वीकारली गेली पाहिजे. जलद व्यवहारासाठी कोणाला सवलत द्यायची असेल तर द्यावी, पण ती रोखीवरच्या दंडाच्या रूपात असू नये. तालुक्याच्या गावी बँकेची शाखा बंद करायची असेल तर तिथे पैसे काढण्याची आणि भरण्याची सोय कोण करणार, हे आधी ठरावे. ई-रुपया येणार असेल तर नोटेसारखाच यावा, आणि त्यावर अट घालण्याची मुभा कोणत्या रकमांपुरती, किती काळ आणि कोणाच्या संमतीने, हे संसदेत चर्चा होऊन कायद्यात लिहिले जावे. बँकेच्या परिपत्रकावर ते सोडू नये. मजुरी आणि पेन्शन या दोन रकमा तर त्या मुभेतून पहिल्याच कलमात वगळल्या जाव्यात.